कोणता ॲम्प मॉडेलरमध्ये उतरवण्याजोगा आहे? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प डिजिटल मॉडेलरमध्ये, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये, उतरवणे हे एके काळी मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेतले काम होते. 1998 साली लाइन सिक्स कंपनीच्या ‘पॉड’ने ही कल्पना सामान्य वादकाच्या टेबलावर आणली, 2006 मध्ये फ्रॅक्टल ऑडिओच्या ‘ॲक्स-एफएक्स’ने तिला व्यावसायिक वादकांमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि 2011 च्या सुमारास केम्परच्या ‘प्रोफाइलर’ने वादकाला स्वतःच्या ॲम्पची छबी स्वतः घेण्याची सोय करून दिली. आता न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर, एक ऑडिओ इंटरफेस, एक री-ॲम्प बॉक्स (संगणकातला आवाज गिटारच्या पातळीवर आणून ॲम्पला देणारा) आणि एक लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची ऊर्जा झेलणारा) एवढ्या सामानावर हे काम घरी होते. ॲम्पमधून सुमारे तीन मिनिटांचा ठरावीक चाचणी-आवाज पाठवायचा, बाहेर आलेला आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि दोन्ही फाइली देऊन संगणकाला शिकवायला बसवायचे.

उतरवणे सोपे झाले, पण काय उतरवावे हे ठरवणे अवघडच राहिले. नवखा माणूस बहुधा नावाकडे पाहून निवड करतो आणि ज्या मार्शल ॲम्पची शेकडो कॅप्चर, म्हणजे उतरवलेल्या छबी, आधीच उपलब्ध आहेत, त्यातच आणखी एकाची भर घालतो. त्यात गैर काही नाही. पण दोन दिवसांची मेहनत आणि मागून आणलेला महागडा ॲम्प यांचे चीज व्हायचे असेल, तर आधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या ॲम्पच्या वागण्यात असे काय आहे, जे माझ्याजवळच्या मॉडेलला इक्वलायझर आणि एखादे ओव्हरड्राइव्ह पेडल जोडून मिळत नाही? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तो ॲम्प उतरवण्याची वेळ अजून आलेली नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: घराणे ओळखा

ॲम्पचीही घराणी असतात, आणि एका घराण्यातले गायक जसे नवख्या कानाला सारखेच वाटतात, तसेच एका घराण्यातले ॲम्पही वाटतात. 1962 साली पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल येथे जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जो जेटीएम 45 तयार केला, तो फेंडरच्या बेसमन या अमेरिकन ॲम्पवर, नेमके सांगायचे तर त्याच्या 5एफ6-ए या आराखड्यावर, जवळजवळ जसाच्या तसा बेतलेला होता. बेसमन मुळात बास गिटारसाठी होता, त्यात 10 इंची चार स्पीकर होते आणि त्याची पेटी मागून उघडी होती. मार्शलने 12 इंची सेलेस्टियन स्पीकर बंद पेटीत बसवले, आणि पहिल्या टप्प्यात 12एवाय7 च्या जागी अधिक गेन (वर्धन) देणारा ईसीसी83 हा व्हॉल्व्ह वापरला. कागदावर हे फरक किरकोळ दिसतात; पण तेवढ्यावरच एका घराण्याच्या दोन वेगळ्या गायकी झाल्या.

पुढची वंशावळही नजरेखालून घालावी. जेटीएम 45 मधून 1965 साली 100 वॉटचा ‘सुपर लीड’ आला, ज्याला पुढच्या प्लेक्सिग्लासच्या पट्टीमुळे ‘प्लेक्सी’ म्हणतात. त्याचा मॉडेल क्रमांक 1959 आहे, आणि हे साल आहे असे समजून नवखे लोक इथे हमखास फसतात. 1975 साली त्याच कुळातला 2203 मास्टर व्हॉल्यूमसह आला आणि 1981 पासून तो जेसीएम 800 या नावाने ओळखला जाऊ लागला. प्लेक्सीमध्ये आवाज तुटतो, म्हणजे डिस्टॉर्ट होतो, तो मुख्यतः शेवटच्या पॉवर विभागात आणि त्याच्या आधीच्या फेज इन्व्हर्टरमध्ये (पॉवर व्हॉल्व्हना सुलट-उलट अशा जोडीने सूर पुरवणाऱ्या टप्प्यात), म्हणून तो कानठळ्या बसवल्याशिवाय खुलत नाही. 2203 मध्ये प्रीॲम्पचे, म्हणजे पॉवर विभागाआधीचे, टप्पे एकापुढे एक जोडल्यामुळे डिस्टॉर्शन आधीच तयार होते आणि मास्टर नॉबने एकूण आवाज आवरता येतो. अमेरिकेत माइक सोल्डानो यांचा 1987 चा एसएलओ-100 याच दिशेने आणखी पुढे गेला, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचे मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर व पीव्हीचा 5150 हे त्याचे चुलत भाऊ मानायला हरकत नाही.

या वंशावळीचा उपयोग सरळ आहे. तुमच्याजवळ चांगला प्लेक्सी उतरवलेला असेल, तर त्यानंतर जेटीएम 45 उतरवण्यात मिळकत थोडी आहे, 2203 उतरवण्यात बरीच आहे, आणि व्हॉक्स एसी30 उतरवण्यात सर्वांत जास्त आहे, कारण तो दुसऱ्याच घराण्याचा आहे. डिक डेनी यांनी आखलेल्या या इंग्लिश ॲम्पमध्ये चार ईएल84 व्हॉल्व्ह असतात, आणि पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणारा आवाज थोडा उलटा करून आत परत देण्याची व्यवस्था, नसते. त्यामुळे स्वच्छ आवाजातून तुटलेल्या आवाजात तो इतक्या हळूहळू जातो, की सीमारेषा कोणती हे सांगता येत नाही. निगेटिव्ह फीडबॅक असलेले ॲम्प बराच वेळ ताठ उभे राहतात आणि मग एकदम कोसळतात. हा फरक कुठल्याही इक्वलायझरने भरून निघणारा नाही.

दुसरी पायरी: रंग आणि वागणूक वेगळे करा

माझ्या मते नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ॲम्पच्या आवाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे रंग: खर्ज किती, मधला भाग किती, टीप किती. दुसरी म्हणजे वागणूक: जोरात छेडल्यावर तो काय करतो, हलके छेडल्यावर काय करतो, आणि सूर विरताना त्याचे काय होते. रंग नंतर देता येतो. इक्वलायझर आणि स्पीकर पेटीचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (पेटीच्या रंगाची नोंद असलेली फाइल), हे काम उत्तम करतात. वागणूक नंतर देता येत नाही. म्हणून उतरवायची ती वागणूक.

ॲम्प समोर आल्यावर त्याची ओळख करून घेण्यासाठी मी एक ठरलेला क्रम पाळतो. सिंगल कॉइल पिकअपची एक आणि हंबकरची एक अशा दोन गिटार जवळ ठेवतो. ॲम्प तुटण्याच्या किंचित पुढे नेऊन आधी गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून एकच कॉर्ड वाजवतो, मग तो व्हॉल्यूम हळूहळू निम्म्याच्या खाली आणतो आणि प्रत्येक थांब्यावर तीच कॉर्ड वाजवतो. चांगला प्लेक्सी इथे स्वच्छ होतो पण निस्तेज होत नाही. जास्त गेनचे अनेक ॲम्प नुसतेच दबल्यासारखे होतात. मग वरच्या दोन तारांवर दोन सूर एकत्र वाजवून त्यांतला एक ओढतो, कारण दोन सूर एकमेकांत मिसळून ॲम्पच्या आत जे तिसरे सूर जन्माला येतात, त्यांतूनच त्याची जात कळते. त्यानंतर सहावी तार तळहाताने दाबून झटके देतो: 5150 सारखा ॲम्प इथे घट्ट राहतो, जुना फेंडर भुसभुशीत होतो. शेवटी एक सूर लांबवतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. शेवटच्या क्षणी आवाज गुळगुळीत विरतो, की फरफरत तुटतो?

या चार-पाच मिनिटांच्या परीक्षेत एकही गोष्ट ‘हे मी आधी ऐकले नव्हते’ असे वाटायला लावत नसेल, तर ॲम्प कितीही नामांकित असला तरी पुढे जाऊ नये. उलट एखादा बिनानावाचा, कोपरे उडालेला ॲम्प या परीक्षेत चकित करून जातो, आणि तेव्हा वंशावळ बाजूला ठेवून कानावर विश्वास टाकावा.

इथे रोलंडच्या जेसी-120 चे उदाहरण बोधक आहे. 1975 साली आलेल्या या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये 60 वॉटचे दोन स्वतंत्र भाग आणि 12 इंची दोन स्पीकर आहेत, आणि जगभरच्या सराव-खोल्यांत तो स्वच्छ आवाजासाठी ठेवलेला असतो. (त्याला डिस्टॉर्शनचा नॉबही आहे, त्याविषयी न बोललेले बरे.) स्वच्छ वाजवताना तो जवळपास रेषीय असतो, म्हणजे आत गेलेला सूर मोठा होऊन बाहेर येतो, त्याला नवीन सूर चिकटत नाहीत. जिथे वागणूकच नाही, तिथे संगणकाला शिकवण्यासारखे फारसे काही नसते. एक चांगला आयआर आणि इक्वलायझर पुरतो. त्याची खरी ओळख असलेला कोरस तर दोन स्पीकरमधल्या हवेत तयार होतो: एका स्पीकरमधून सरळ सूर येतो आणि दुसऱ्यामधून डोलणारा. एका वाहिनीच्या कॅप्चरमध्ये तो मावतच नाही. म्हणजे ॲम्प उत्कृष्ट असूनही कॅप्चरसाठी निवड चुकीची.

तिसरी पायरी: त्या ॲम्पला साजेशी पद्धत आहे का, ते पाहा

आज मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात ॲम्पच्या सर्किटमधला प्रत्येक टप्पा गणिताने उभा करतात, त्यामुळे सर्व नॉब मूळ ॲम्पप्रमाणे फिरतात. फ्रॅक्टल आणि लाइन सिक्स यांची मॉडेल या वळणाची आहेत. दुसऱ्यात ॲम्पची एका ठरावीक स्थितीतली छबी घेतात. केम्पर, टोनेक्स, क्वाड कॉर्टेक्स आणि न्यूरल ॲम्प मॉडेलर यांचे नेहमीचे काम असे चालते. घरी बसून काम करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा दुसरा मार्ग येतो, आणि त्याची मर्यादा नीट समजली की निम्मी निवड आपोआप होते: छबी घेतल्यानंतर गेनचा नॉब खऱ्या अर्थाने फिरत नाही. मॉडेलरवर तुम्ही जो फिरवता, तो आत जाणारा आवाज कमी-जास्त करणारा नॉब असतो.

म्हणून ज्या ॲम्पच्या दोन-तीन स्थितीच प्रत्यक्षात वापरल्या जातात, तो छबीसाठी उत्तम. प्लेक्सीचा मालक त्याची दोन चॅनेल तारेने जोडतो, व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण उघडतो आणि नंतर हात लावत नाही. अशा ॲम्पची तीन कॅप्चर पुरतात. याच्या उलट 1950 च्या दशकातल्या फेंडर डिलक्सचा 5ई3 हा आराखडा पाहावा. त्यात दोन व्हॉल्यूम आणि एकच टोन आहे, पण ज्या चॅनेलला गिटार जोडलेलीच नाही, त्याचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाज बदलतो, कारण तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले आहेत. मेसा बूगीच्या मार्क मालिकेतल्या ॲम्पची अडचण वेगळी आहे. त्यात नॉब ओढून बाहेर काढायच्या जागा, पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर आणि दोन गेन एकत्र नांदतात. अशा ॲम्पच्या सर्व शक्यता छबीत पकडायच्या म्हटल्या तर शेकडो फाइली होतील आणि कोणी वापरणार नाही. तो सर्किट-पद्धतीच्या मॉडेलसाठी सोडावा, किंवा ‘मला याचा एकच आवाज हवा आहे’ असे ठरवून तेवढाच घ्यावा.

टोनचे नॉब सर्किटमध्ये कुठे बसले आहेत, याकडेही लक्ष द्यावे. या मुद्द्याची चर्चा फारशी होत नाही, पण त्याने बरेच श्रम वाचतात. मार्शल 2203 मध्ये टोनचे नॉब प्रीॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर येतात, त्यामुळे ते मध्यावर ठेवून घेतलेल्या छबीला पुढे इक्वलायझर लावला तर मूळ ॲम्पच्या बरेच जवळ जाता येते. 1960 च्या दशकातल्या काळ्या पट्टीच्या फेंडरमध्ये ते पहिल्या टप्प्याच्या लगेच नंतर आणि व्हॉल्यूमच्या आधी असतात; तिथे खर्ज कमी केला, तर पुढे तुटणाऱ्या आवाजात खर्जच कमी पोहोचतो आणि डिस्टॉर्शनचा पोत बदलतो. मार्क मालिकेत हे आणखी टोकाला जाते. अशा ॲम्पसाठी खर्ज कमी ठेवून एक आणि मध्यम ठेवून एक अशी वेगळी कॅप्चर घ्यावी लागतात.

रिव्हर्ब, ट्रेमोलो आणि कोरस हे सगळे छबी घेण्याआधी बंद करावेत. संगणकाला ॲम्पच्या अगदी नजीकच्या भूतकाळाचीच आठवण ठेवता येते. दोन सेकंद घुमणारी स्प्रिंग त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. याच कारणाने जोरदार वाजवल्यावर विजेचा पुरवठा खचून आवाज क्षणभर दबणे आणि पुन्हा वर येणे, ज्याला वादक ‘सॅग’ म्हणतात, ते छबीत पुरते उतरत नाही. रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसी विजेची डीसी करणारा) असलेल्या जुन्या छोट्या ॲम्पचे अर्धे सौंदर्य या दम लागण्यात असते. तेव्हा असा ॲम्प निवडताना आपल्याला त्यातले पाऊणच हाती लागणार आहे, हे आधीच मान्य करावे.

चौथी पायरी: हातातला नग तपासा

‘डिलक्स रिव्हर्ब उतरवला’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात उतरतो तो एक नग, त्याच्या साठ वर्षांच्या इतिहासासकट. बदललेले कपॅसिटर, कोणीतरी बसवलेला दुसराच स्पीकर, थकलेले व्हॉल्व्ह, चुकीचा बायस (व्हॉल्व्हमधून सतत वाहणाऱ्या प्रवाहाची मांडणी) हे सगळे फाइलीत जाते. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 2022 मध्ये निवर्तलेले अलेक्झांडर डंबल यांचे ॲम्प. त्यांनी ते मोजकेच, आणि ज्या त्या वादकाच्या हाताप्रमाणे वेगवेगळे बनवले, आणि अनेकांतले सर्किट दिसू नये म्हणून वर राळ ओतली. म्हणून ‘डंबलचा आवाज’ अशी एक गोष्ट उतरवताच येत नाही. उतरतो तो एका वादकासाठी बनवलेला एक डंबल. एवढे नाव ऐकूनच हुरळून जाण्यापेक्षा कामात नीट ठेवलेला साधा डिलक्स रिव्हर्ब माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

तपासणी करताना घाई करू नये. ॲम्प किमान अर्धा तास तापू द्यावा. प्रत्येक नॉब हळूहळू फिरवून खरखर येते का ते ऐकावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने नॉबच्या आतला संपर्क आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटचे पाय गंजतात, ही इथली नेहमीची तक्रार आहे. संपर्क साफ करण्याचा स्प्रे आणि संयम यांनी ती बहुधा सुटते. प्रत्येक व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारावी. घंटेसारखा आवाज स्पीकरमधून आला, तर तो व्हॉल्व्ह बदलावा. मात्र ॲम्प उघडण्याचे काम जाणकार तंत्रज्ञावर सोपवावे, कारण वीज बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या आसपासचा, क्वचित त्याहून अधिक, दाब शिल्लक राहू शकतो.

विजेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ वीज येते, तर अमेरिकेतून आणलेला ॲम्प 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी बनवलेला असतो. 1960 च्या दशकातल्या फेंडरवर तर 117 व्होल्ट असे छापलेले आढळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावणे अनिवार्य आहे, पण तो लावला म्हणजे काम संपले असे समजू नये. घरातला पुरवठा वर-खाली होतो, त्याबरोबर ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर येणारा दाबही होतो, आणि व्हॉल्व्हवरचा दाब बदलला की ॲम्प कुठे तुटतो तेही बदलते. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी आपला मार्शल व्हेरिॲक (व्होल्ट कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मुद्दाम कमी व्होल्टवर चालवला होता, तो याच कारणाने. मी एकदा सकाळी आणि संध्याकाळी एकाच ॲम्पची, नॉबला हात न लावता, दोन कॅप्चर घेतली आणि त्यांतले एक मऊ का लागते याचा दोन दिवस शोध घेत राहिलो. शेवटी कळले की संध्याकाळी इमारतीतल्या सगळ्या घरांतले एसी सुरू झाल्यावर व्होल्ट उतरत होते. तेव्हापासून मल्टिमीटरने मोजलेला आकडा मी फाइलीच्या टिपणात लिहितो. मोजताना उघड्या तारांशी खेळ करू नये. सॉकेटमध्ये बसणारा व्होल्टमीटर वापरावा.

पाचवी पायरी: आवाज कुठून घ्यायचा

इथेही निवडीचाच प्रश्न आहे. एक मार्ग असा की ॲम्प, पेटी आणि मायक्रोफोन यांची एकत्रित छबी घ्यावी. दुसरा असा की स्पीकरच्या जागी लोड बॉक्स लावून फक्त ॲम्पची घ्यावी आणि पेटीचा आयआर नंतर जोडावा. नवख्याने दुसरा मार्ग धरावा, कारण त्यात शेजारी शांत राहतात आणि एकाच कॅप्चरला वेगवेगळ्या पेट्या लावून पाहता येतात. फक्त लोड रिॲक्टिव्ह, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा, असावा. खऱ्या स्पीकरचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो. खर्जातल्या एका ठिकाणी तो उसळी घेतो आणि टीपेकडे पुन्हा चढत जातो, आणि व्हॉल्व्ह ॲम्प त्या चढउतारांना प्रतिसाद देतो. साधा रेझिस्टर लावला तर हा प्रतिसाद नाहीसा होतो आणि एसी30 सारख्या निगेटिव्ह फीडबॅक नसलेल्या ॲम्पची तर ओळखच पुसट होते. लोडचे ओहम ॲम्पच्या मागच्या जॅकवर लिहिलेल्या आकड्याशी जुळले पाहिजेत, आणि त्याची वॉट-क्षमता ॲम्पपेक्षा भरपूर जास्त असली पाहिजे. स्पीकर किंवा लोड न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नये. त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि जुन्या ॲम्पसाठी तसा दुसरा मिळवणे म्हणजे वर्षभराचे काम होऊन बसते.

सहावी पायरी: उतरवून झाल्यावर खरेच जमले का, ते पाहा

प्रशिक्षण संपल्यावर न्यूरल ॲम्प मॉडेलर ईएसआर नावाचा आकडा देतो. मूळ आवाजाच्या तुलनेत चुकीची ऊर्जा किती, एवढाच त्याचा अर्थ, 0.01 म्हणजे 1 टक्का. स्वच्छ ॲम्पमध्ये हा आकडा सहज खाली येतो, जास्त गेनच्या ॲम्पमध्ये येत नाही, म्हणून 5150 चा आकडा डिलक्सच्या आकड्याशी ताडून पाहू नये. आकडा चांगला असूनही कान नाही म्हणू शकतो, कारण सूर विरतानाची शेवटची फरफर ऊर्जेच्या हिशेबात नगण्य असते आणि वादकाच्या बोटांना मात्र तीच आधी जाणवते.

म्हणून दुसऱ्या पायरीतली परीक्षा तशीच पुन्हा घ्यावी. गिटारचा एक तुकडा आधी सरळ इंटरफेसमध्ये ध्वनिमुद्रित करावा, तोच एकदा खऱ्या ॲम्पमधून आणि एकदा कॅप्चरमधून पाठवावा, दोन्हींची पातळी अगदी सारखी करावी, आणि कोणते कोणते हे न पाहता मित्राकडून वाजवून घ्यावे. पातळी जुळवणे टाळू नये. किंचित मोठा आवाज प्रत्येकाला किंचित चांगला वाटतो आणि त्यावर आधारलेले निर्णय दुसऱ्या दिवशी पालटतात. शिवाय कॅप्चरमध्ये जाणारी गिटारची पातळी मूळ ॲम्पमध्ये गेलेल्या पातळीइतकीच असली पाहिजे. ती जास्त असेल तर शांत ॲम्पही उगाच तुटलेला वाटतो, आणि कमी असेल तर प्लेक्सी आजारी वाटतो.

सुरुवात कशाने करावी

क्रम विचाराल तर माझा असा: आधी डिलक्स रिव्हर्ब, त्याचा व्हॉल्यूम 5 ते 7 च्या दरम्यान ठेवून, कारण 22 वॉटच्या या ॲम्पचे दोन 6व्ही6 व्हॉल्व्ह तिथे हार मानू लागतात. त्याचा थोरला भाऊ ट्विन रिव्हर्ब 85 वॉटचा असून बराच पुढे जाईपर्यंत स्वच्छ राहतो, त्यामुळे दोन्ही हाती असतील तर डिलक्सला आधी मान द्यावा. मग एसी30 चे टॉप बूस्ट चॅनेल, मग प्लेक्सी, आणि त्यानंतर 2203. या चौघांत स्वच्छ आवाजापासून जोरदार रॉकपर्यंतचा पट्टा येतो आणि कोणतेही दोन एकमेकांची पुनरुक्ती करत नाहीत. मेटल वाजवणाऱ्याने 2203 आधी घ्यावा आणि पाचवा म्हणून 5150 किंवा रेक्टिफायर यांपैकी एकच निवडावा. रेक्टिफायर निवडला, तर त्यावरचा डायोड आणि व्हॉल्व्ह यांत बदल करणारा स्विच कोणत्या बाजूला होता ते नोंदवून ठेवावे.

हे झाल्यावर मात्र यादी सोडून इकडेतिकडे पाहावे असे मला मनापासून वाटते. गणेशोत्सवाच्या मंडपांत, लग्नाच्या वाद्यवृंदांत आणि चर्चच्या सभागृहांत आपल्याकडे अनेक वर्षे व्हॉल्व्हचे पी.ए. (ध्वनिक्षेपणाचे) ॲम्प वापरले गेले, आणि गिटारसाठी वेगळा ॲम्प नसला की गिटारही त्यांतच जोडली जात असे. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तर एके काळी व्हॉल्व्ह देशातच बनवले. असे जुने यंत्र एखाद्या मंडळाच्या कपाटात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानाच्या मागच्या खणात पडलेले सापडले, तर ते गिटारसाठी बनवलेलेच नव्हते हीच त्याची जमेची बाजू आहे. त्याचा माइकचा टप्पा गिटारच्या पिकअपने सहज भरून वाहतो, आणि तो ज्या तऱ्हेने तुटतो, ती तऱ्हा कुठल्याच मॉडेलरच्या यादीत नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर एखादा प्रसिद्ध ॲम्प क्वचितच देतो. अर्थात असे यंत्र वर्षानुवर्षे बंद असते. तंत्रज्ञाने कपॅसिटर बदलून अर्थिंग तपासल्याशिवाय त्याला वीज देऊ नये.

फाइलीला नाव देताना बोलके नाव द्यावे. मोठ्या कंपन्या दुसऱ्यांच्या ट्रेडमार्कमुळे टोपणनावे वापरतात. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये एसी30 हा ‘एसेक्स ए30’ आणि रेक्टिफायर हा ‘कॅली रेक्टिफायर’ होतो. आपली फाइल इतरांना द्यायची असेल, तर त्यांच्याप्रमाणेच वागावे. टिपणात मात्र सगळे लिहावे: नॉबच्या स्थिती, व्हॉल्व्हची नावे, लोडचा प्रकार, भिंतीवरचे व्होल्ट, आत पाठवलेली पातळी आणि तारीख. ॲम्प दुसऱ्याचा असेल, तर फाइल प्रसिद्ध करण्याआधी त्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. पुढे कधी त्या ॲम्पचे व्हॉल्व्ह बदलले आणि त्याला आपला जुना आवाज आठवेनासा झाला, तर ताडून पाहायला तीच प्रत त्याच्या कामी येते.